एचओ गाडीचा फोटो: धूसरपणा काढा, हवा घाला

एचओ स्केलच्या, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या मॉडेल रेल्वेगाडीचा फोटो पाहिल्या पाहिल्या हे मॉडेल आहे असं कळतं, ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. इंजिनाचं नाक लख्ख आणि तिसरा डबा धूसर, हे पहिलं कारण. दुसरं म्हणजे मागचा डोंगर गाडीइतकाच स्वच्छ आणि गडद, जणू मध्ये हवाच नाही. खऱ्या रेल्वेच्या फोटोत नेमकं उलटं असतं: गाडी पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत रेखीव आणि डोंगर फिकट. हे उलट्याचं सुलट करणं, एवढंच या छंदातल्या फोटो एडिटिंगचं खरं काम आहे. एचडीआर (वेगवेगळ्या उजेडाचे फोटो मिसळणं), भडक आकाश, इंजिनातून काढलेला कृत्रिम धूर यांची गरज नसते. बहुतेकदा त्यांनीच फोटो बिघडतो.

धूसरपणा का येतो ते आकड्यांत बघू. एचओ म्हणजे १:८७. खऱ्या गाडीपासून १५ मीटरवर उभं राहून, एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३५ मिमीची लेन्स लावून एफ ८ वर (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तर छिद्र लहान) फोटो काढला आणि फोकस साधारण पावणेआठ मीटरवर ठेवला, तर चार मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं रेखीव येतं. तोच देखावा लेआउटवर, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर, हवा असेल तर १५ मीटरचे होतात १७ सेंटिमीटर. त्या अंतरावर त्याच लेन्सने, त्याच एफ ८ वर, रेखीव पट्टा उरतो जेमतेम ६ मिलिमीटरचा, म्हणजे खऱ्या मापात अर्धा मीटर. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या कारखान्यातला नेहमीचा, एक डबाच एचओमध्ये साडेचोवीस सेंटिमीटर लांब असतो. पाच डब्यांची गाडी सव्वा मीटरच्या आसपास जाते.

छिद्र लहान करून हे सुटत नाही. एफ १६ ला पट्टा दुप्पट होतो, म्हणजे १२ मिमी, पण प्रकाशाच्या विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) प्रत्येक बिंदू सेन्सरवर वीस-पंचवीस मायक्रॉनचा ठिपका होऊन पडतो आणि २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवरचा पिक्सेल असतो चार मायक्रॉनचा. एफ २२ वर तर रिव्हेट, जाळ्या, डब्यावरची अक्षरं सगळीच मऊ पडतात. म्हणून एफ ८ वर थांबायचं आणि एकच देखावा फोकस सरकवत सरकवत अनेक फ्रेममध्ये टिपून कॉम्प्युटरवर जोडायचा. यालाच फोकस स्टॅकिंग म्हणतात.

कॅमेऱ्याला हात लावण्याआधी

उंची आधी ठरवा. फलाटावर उभ्या माणसाचे डोळे रुळांपासून अडीच मीटरच्या आसपास असतात, म्हणजे एचओमध्ये २८ मिमी. रुळांच्या पातळीवर जमिनीवर उभ्या माणसाचे १८ मिमी. लेन्सचा मध्य या दोन आकड्यांच्या दरम्यान आला पाहिजे. डीएसएलआरच्या तळापासून लेन्सचा मध्यच यापेक्षा वर असतो, त्यामुळे तो लेआउटवर ठेवून ही उंची मिळत नाही. लेआउटची कड थोडी खाली असेल तर कॅमेरा कडेबाहेर ट्रायपॉडवर उतरवता येतो. नसेल तर मोबाइल उलटा धरायचा, कॅमेऱ्याची बाजू खाली. मग लेन्स रुळांपासून दीड-दोन सेंटिमीटरवर येते. पुण्यात भाऊसाहेब जोशींनी उभारलेल्या मिनिएचर रेल्वेच्या म्युझियमसारख्या ठिकाणी किंवा दुसऱ्याच्या घरच्या लेआउटवर बहुधा ट्रायपॉड उभा करता येत नाही. तिथे ही युक्ती फार कामाला येते.

कॅमेरा खाली आला की क्षितिजही खाली येतं. बॅकड्रॉपवरची, म्हणजे मागच्या रंगवलेल्या पडद्यावरची, क्षितिजरेषा लेन्सच्याच उंचीला हवी. बहुतेक बॅकड्रॉप उभ्या माणसाच्या नजरेनुसार रंगवलेले असतात, त्यामुळे खालून काढलेल्या फोटोत मागची सपाट शेतं आभाळात चढल्यासारखी दिसतात. सह्याद्री रंगवणाऱ्याला इथे फायदा मिळतो: सपाट माथ्याचे डोंगर क्षितिजाच्या वरच असतात, त्यामुळे पाच-सात सेंटिमीटरचा फरक खपून जातो.

रूळ जवळून दिसणार असतील तर त्यांची उंची तपासा. नेहमीचे कोड १०० रूळ (कोड म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत रुळाची उंची) २.५४ मिमी उंच, म्हणजे खऱ्या मापात २२१ मिमी. भारतीय ५२ किलोचा रूळ १५६ मिमीचा आणि ६० किलोचा १७२ मिमीचा असतो. कोड ७० चा रूळ ५२ किलोशी जवळपास तंतोतंत जुळतो, कोड ७५ दोघांच्या मध्ये बसतो. फोटोसाठी पुढचा एक मीटर तरी कोड ७५ टाकावा. रुळांच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवा आणि माथा पुसून चकचकीत ठेवा. या एका कामाने जेवढा फरक पडतो तेवढा तासभर एडिटिंग करूनही पडत नाही. सिमेंटचे स्लीपर भारतात किलोमीटरला १६६०, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटरला एक. एचओमध्ये ते ७ मिमी होतात. तयार ट्रॅकवरचं अंतर यापेक्षा बरंच वेगळं असेल तर खडी थोडी वर चढवून स्लीपर अर्धे झाकावेत.

खडीचंही तसंच. रुळांखालची खडी ५० मिमीच्या आसपासची, म्हणजे मॉडेलमध्ये अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठी. बाजारातली बरीच मॉडेल खडी एक-सव्वा मिमीची असते आणि जवळून ती धोंड्यांसारखी दिसते. महाराष्ट्रातली खडी काळ्या पाषाणाची. क्रशरवरची कच चाळून घेतली की रंग आपोआप खरा येतो, फक्त आधी तिच्यावरून लोहचुंबक फिरवा. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. चुंबकाला चिकटणारे कण गाळले नाहीत तर ते इंजिनाच्या मोटरमध्ये जाऊन बसतात आणि मोटर घासू लागते. चाळलेली कच जागेवर पसरून आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवा. मग एक भाग फेव्हिकॉल, चार भाग पाणी आणि भांड्याच्या लिक्विड सोपचा एक थेंब असं मिश्रण ड्रॉपरने सोडा. आधी भिजवलं नाही तर थेंब खडीवर गोळा होतो आणि खड्डा पडतो.

ब्रॉडगेज मॉडेलमध्ये एक अडचण कायमची आहे. १६७६ मिमीचं गेज (दोन रुळांमधलं अंतर) १:८७ मध्ये सव्वाएकोणीस मिमी व्हायला हवं, पण एचओ ट्रॅक १६.५ मिमीचा, म्हणजे ८७ पटीत १४३५ मिमी. साडेसदतीस मिमी रुंदीचा डबा त्यावर समोरून बारीक पायांवर उभा असल्यासारखा दिसतो. कॉम्प्युटरवर रूळ ताणून हे सुधारायला जाऊ नका, बोगींचा, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांचा, आकार बिघडतो. कॅमेरा समोरून काढून तीस-चाळीस अंशांवर न्या, फरक दिसेनासा होतो. वळणाचाही असाच इलाज आहे. भारतीय ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळण १० अंशांचं, १७५ मीटर त्रिज्येचं. एचओत त्याचे दोन मीटर होतात आणि सेट ट्रॅकची (तयार तुकड्यांच्या ट्रॅकची) वळणं मात्र ३६ ते ४६ सेंटिमीटरची. अशा वळणावर नेहमी आतल्या बाजूने फोटो काढा. डब्यांच्या टोकांमधली फट तिथून मिटते, बाहेरून उघडी पडते.

शेवटचं काम धूळ. ०.२ मिमीचा कपड्याचा तंतू म्हणजे खऱ्या मापात १७ मिमीचा दोर. मेकअपचा मऊ ब्रश आणि रबरी ब्लोअर जवळ ठेवा. मॅट वार्निशचा हलका थर नसलेलं प्लास्टिक दिव्याखाली चमकतं. ती चमक प्रत्येक फ्रेममध्ये किंचित आकार बदलते आणि स्टॅक केल्यावर डाग बनून बसते, म्हणून वार्निश आधीच मारून घ्यावं.

एक सूर्य

लेआउटवर ट्यूब, स्पॉट आणि खिडकी असे तीन प्रकाश एकदम असले की प्रत्येक सिग्नलच्या खांबाला तीन सावल्या पडतात आणि खेळ उघडा पडतो. खोलीतले सगळे दिवे बंद करून एकच मुख्य दिवा ठेवा. सूर्य आकाशात अर्धा अंश भरतो. दोन मीटरवर अर्धा अंश म्हणजे सतरा-अठरा मिलिमीटर. म्हणून दोन मीटर दूर, दोन सेंटिमीटरच्या आसपास आकाराचा उघडा दिवा लावला की सावलीची कड खऱ्या उन्हासारखी येते. मोठा सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी पांढऱ्या पडद्याची पेटी) लावला तर सावल्या ढगाळ दिवसाच्या. पावसाळी देखाव्याला ते योग्यच, पण मग आकाशही ढगाळ हवं.

दिवा जवळ आणण्याचा मोह टाळा. एक मीटरवरच्या दिव्यापासून पुढे एक मीटर लांब गाडी असेल तर शेवटच्या डब्यावर पहिल्याच्या एक चतुर्थांश प्रकाश पडतो. सूर्य असं कधी करत नाही. दिवा गाडीला काटकोनात आणि जमेल तेवढा दूर ठेवा. सावल्यांत तपशील दिसावा म्हणून दुसरा, मंद दिवा पांढऱ्या छताकडे तोंड करून लावा, मुख्य दिव्याच्या चार ते आठपट मंद. गाडीची सावली बॅकड्रॉपवर पडली तर तो फोटो वाचत नाही, म्हणून ट्रॅक आणि बॅकड्रॉप यांत निदान तीस सेंटिमीटर अंतर ठेवा. दिवा घेताना रंगदर्शक अंक, म्हणजे सीआरआय, ९० च्या वर आहे का ते बघा. साध्या एलईडीखाली लाल फिकट पडतो आणि जुन्या डब्यांचा मरून रंग मातकट होतो.

फ्रेम घेताना

सगळं मॅन्युअल: आयएसओ १००, एफ ८, शटर अर्धा ते दोन सेकंद, व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाची सेटिंग) एकाच आकड्यावर बांधलेला, फाइल रॉ (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली). एकही गोष्ट ऑटोवर राहिली तर तीस फ्रेमपैकी चार वेगळ्या उजेडाच्या निघतात आणि जोडलेल्या चित्रात पट्टे दिसतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. अर्ध्या सेकंदाच्या शटरमध्ये ते आपोआप सपाट होतं, म्हणून वेग वाढवण्याच्या फंदात पडू नका.

पंखा बंद करा. त्याच्या वाऱ्याने मॉडेलची झाडं, पँटोग्राफ (विजेच्या इंजिनावरचा, तारेला टेकणारा सांगाडा) आणि ओव्हरहेड वायर हलते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. इंजिनात साउंड डिकोडर (आवाज काढणारं सर्किट) असेल तर आवाज बंद, कारण स्पीकरच्या थरथरीने इंजिन सरकतं. चढावर उभ्या गाडीच्या मागच्या चाकाला कागदाची घडी लावा. भोर घाटाचा १ इन ३७ चढ बनवला असेल तर ही घडी अगदी आवश्यक: दर मीटरला २७ मिमी चढाव आहे आणि मॉडेलच्या डब्यांचे आस सुईसारख्या टोकांवर फिरतात, त्यामुळे डबे सहज घरंगळतात.

फोकस पुढून मागे न्यायचा, एकाच दिशेने. फोकस रिंग दर फ्रेमला सारख्याच कोनात फिरवली की टप्पे आपोआप बरोबर पडतात, म्हणजे जवळ दाट आणि दूर विरळ. वर सांगितलेल्या ३५ मिमी, एफ ८ च्या मांडणीत १७ सेंटिमीटरवर टप्पा ४ मिमीचा लागतो, ५० सेंटिमीटरवर ४ सेंटिमीटरचा आणि एक मीटरवर १७ सेंटिमीटरचा. १५ सेंटिमीटरपासून दीड मीटरपर्यंतच्या देखाव्याला साधारण ३५ फ्रेम होतात. सर्वांत जवळची वस्तू ३० सेंटिमीटरवर ठेवली तर पंधरात भागतं. म्हणून पुढ्यातलं झुडूप किंवा कुंपण खरंच हवं आहे का, याचा विचार आधीच करावा. त्या एका झुडपासाठी वीस फ्रेम जास्त लागतात.

रिंग हाताने फिरवताना कॅमेरा हलतो, आणि वय वाढलं की हातही थोडा कापतो. कॅमेरा यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडा. विंडोजवर डिजिकॅमकंट्रोल हा मोफत प्रोग्रॅम अनेक निकॉन आणि कॅनन कॅमेऱ्यांचा फोकस टप्प्याटप्प्याने सरकवतो आणि शटरही उघडतो. वाकून व्ह्यूफाइंडरमध्ये बघण्यापेक्षा समोरच्या मॉनिटरवर दहापट मोठं करून बफरची कड बघणं कितीतरी सोपं. पाठ आणि डोळे दोन्ही वाचतात. मोबाइलवर अँड्रॉइडचं ओपन कॅमेरा घ्या. त्यात कॅमेरा-टू एपीआय चालू केला की फोकस ब्रॅकेटिंग, म्हणजे फोकस आपोआप सरकवत अनेक फ्रेम घेण्याची सोय, मिळतं. मोबाइलची लेन्स लहान, त्यामुळे त्याच १७ सेंटिमीटरवर रेखीव पट्टा दोनेक सेंटिमीटरचा मिळतो आणि आठ-दहा फ्रेममध्ये काम होतं.

हेडलाइट आणि डब्यांतल्या दिव्यांसाठी कॅमेरा जागचा न हलवता एक जादा फ्रेम घ्या: खोलीतला प्रकाश पूर्ण बंद, फक्त गाडीचे दिवे. मुख्य फ्रेममध्येच दिवे लावले तर ते प्रत्येक फ्रेममध्ये वेगवेगळ्या आकाराचे फुगे होऊन येतात आणि स्टॅकिंगचा प्रोग्रॅम त्यांची कांद्यासारखी वर्तुळं बनवतो. शेवटी एका फ्रेममध्ये त्याच प्रकाशात राखाडी कार्ड ठेवा.

कॉम्प्युटरवर जोडणी

आधी रॉ फाइल्स रॉथेरपी किंवा डार्कटेबलमध्ये उघडा. राखाडी कार्डावरून व्हाइट बॅलन्स घ्या आणि तीच सेटिंग सगळ्या फ्रेमना चिकटवा. इथे धार वाढवू नका, नॉइज कमी करू नका. १६ बिट टिफमध्ये बाहेर काढा. २४ मेगापिक्सेलची एक टिफ १४४ एमबीची, पस्तीस फ्रेमच्या झाल्या पाच जीबी. जुळवणीत तेवढ्याच आकाराच्या नव्या फाइल्स तयार होतात. १६ जीबी रॅम असली तर काम विनाअडथळा होतं. ८ जीबीच्या जुन्या मशीनवर फ्रेम अर्ध्या रुंदीच्या करून जोडा, वेबसाठी तेवढ्या पुरतात. जुन्या मशीनवर पैसे घालायचेच असतील तर आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. या कामात ग्राफिक्स कार्डापेक्षा तिचा उपयोग जास्त.

मोफत मार्ग हगिन या प्रोग्रॅमच्या पॅकेजमधला. त्यातला अलाइन इमेज स्टॅक फ्रेम एकमेकांवर बसवतो. फोकस सरकला की चित्र किंचित लहान-मोठं होतं, त्यामुळे फील्ड ऑफ व्ह्यू जुळवण्याचा पर्याय चालू ठेवायलाच हवा. नाहीतर कडेला दुहेरी रेषा येतात. मग फ्रेम मिसळणारा एन्फ्यूज: एक्स्पोजर वेट शून्य, सॅच्युरेशन वेट शून्य, कॉन्ट्रास्ट वेट एक, हार्ड मास्क चालू. हार्ड मास्क विसरलात तर तो सगळ्या फ्रेमची सरासरी काढतो आणि चित्र दुधाळ येतं. फोटोशॉप असेल तर फ्रेम लेअर म्हणून उघडून ऑटो अलाइन, मग ऑटो ब्लेंडमध्ये स्टॅक इमेजेस. पैसे देऊन घ्यायचे तर झेरीन स्टॅकर आणि हेलिकॉन फोकस आहेत. झेरीनची पी-मॅक्स पद्धत तारा, जाळ्या, गवत अशा गुंतागुंतीत चांगली चालते, डी-मॅप सपाट रंगाच्या डब्यांवर. दोन्ही काढून एकमेकांवर ठेवावेत आणि जिथे जे चांगलं ते घ्यावं.

जोडलेल्या चित्रात हमखास बिघडते ती जवळच्या वस्तूची कड. सिग्नलचा खांब फोकसमध्ये असतो तेव्हा मागचा डबा धूसर. डबा फोकसमध्ये येतो तेव्हा खांब फुगून त्याच्या कडेची चिंचोळी पट्टी झाकतो. म्हणजे खांबाला लागून असलेला डब्याचा भाग एकाही फ्रेममध्ये रेखीव नसतोच. प्रोग्रॅम तिथे धूसर झालर सोडतो. गिंप या मोफत फोटो एडिटरमध्ये जोडलेलं चित्र खाली आणि डबा रेखीव असलेली जुळवलेली फ्रेम वर ठेवा, वरच्या लेअरला काळा मास्क लावा (मास्क काळा तिथे लेअर लपतो, पांढरा तिथे दिसतो) आणि पांढऱ्या मऊ ब्रशने फक्त झालरीवर रंगवा. खांबाच्या अगदी कडेची शेवटची पट्टी क्लोन टूलने, डब्याच्या दिशेने आडवी भरावी लागते. पँटोग्राफ आणि वायरच्या कडेला आकाश असतं, तिथे आकाशाचाच रंग भरला की भागतं. खरी संपर्क वायर १२ मिमी जाडीची, मॉडेलमध्ये ०.१४ मिमी व्हायला हवी, पण लावलेली बहुधा दुप्पट-तिप्पट जाड असते. आकाश भरतानाच ती दोन्ही बाजूंनी थोडी खाल्ली तर चांगलंच.

दिव्यांची जादा फ्रेम आता वर ठेवा, मोड स्क्रीन, अपारदर्शकता ४० ते ६० टक्के. पांढऱ्या एलईडीचा निळसर प्रकाश जुन्या डिझेल इंजिनाला शोभत नाही. त्या लेअरचा रंग पिवळ्याकडे सरकवा.

आता हवा

इथपर्यंत चित्र सगळीकडे रेखीव झालं, पण अजून ते शोकेसमधलं वाटतं. मागचा डोंगर प्रत्यक्षात सव्वा मीटरवर आहे आणि त्याने असायचं आहे दोन किलोमीटरवर. त्या दोन किलोमीटरांतल्या बाष्प-धुळीने त्याच्या सावल्या उजळ आणि निळसर व्हायला हव्या होत्या. हे कॅमेऱ्याला शक्य नाही, लेआउटवर रंगाने अर्धवट जमतं, कॉम्प्युटरवर मात्र नीट करता येतं.

गिंपमध्ये सर्वांत वर एक नवा लेअर घ्या आणि बॅकड्रॉपवर क्षितिजाजवळच्या आकाशाचा रंग त्यात भरा. मोड नॉर्मल. त्याला काळा मास्क लावा आणि मास्कवर अंतरानुसार राखाडी छटा भरत जा: मागचा डोंगर ३० ते ३५ टक्के, त्याच्या पुढची टेकडी २० टक्के, गाडीच्या मागची झाडं ८ ते १० टक्के, शेवटचा डबा ३-४ टक्के, इंजिन शून्य. आकाशावर काहीच नको. हेलिकॉन फोकसच्या बी पद्धतीतून मिळणारा डेप्थ मॅप (अंतरानुसार राखाडी छटांचं चित्र) मास्कचा पाया म्हणून वापरता येतो, पण आकाश आणि तारांच्या जागी तो चुकतो. तिथे हातानेच दुरुस्त करावा लागतो. बरोबर जमलं का ते आकड्यावरून कळतं: कलर पिकर डोंगरातल्या सर्वांत गडद घळीवर ठेवा. २५५ पैकी ७० च्या खाली असेल तर हवा कमी आहे, १२० च्या वर गेला तर धुकं झालं.

किती हवा हे ऋतूवर ठरतं. मार्च-एप्रिलच्या घाटात धूसर थर पांढरट-पिवळट आणि जाड असतो, डोंगर अर्धा पुसला जातो. ऑक्टोबरअखेर पावसाने धुतलेली हवा पातळ आणि निळी, डोंगरावरची प्रत्येक धार दिसते. पावसाळ्यात थर सगळीकडे सारखा नसतो, दरीत दाट आणि माथ्यावर ढग. गवताचा रंगही याच्याशी जुळला पाहिजे: धुतलेल्या निळ्या हवेत गवत पिवळं पडू लागलेलं, पावसाळी हवेत पोपटी. बाजारातलं स्टॅटिक ग्रास (मॉडेलवर उभं चिकटवायचं तंतूंचं गवत) युरोपातल्या कुरणांच्या हिरव्या रंगाचं असतं. ह्यू-सॅच्युरेशनमध्ये हिरव्याची तीव्रता १५ ते २५ ने कमी करून ह्यू थोडा पिवळ्याकडे नेला की ते मावळातलं वाटू लागतं.

वय झालेल्या मंडळींनी इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डोळ्याचं नैसर्गिक भिंग वयाबरोबर पिवळं होत जातं, त्यामुळे निळा कमी दिसतो आणि एडिट करताना नकळत निळा वाढवला जातो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तेच जुने फोटो थंडगार निळे दिसतात. म्हणून रंगाचा निर्णय डोळ्यावर सोडू नये. राखाडी कार्डावर लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे सारखे आले म्हणजे व्हाइट बॅलन्स बरोबर, पुढे तो हलवायचा नाही. मॉनिटर ६५०० केल्व्हिन आणि गॅमा २.२ वर ठेवा. पडद्याचा उजेड इतकाच असू द्या की पांढरं पान शेजारच्या दिव्याखालच्या कागदाइतकं दिसेल.

धार अगदी शेवटी, आकार कमी केल्यानंतर. वेबसाठी रुंदी २००० पिक्सेल, अनशार्प मास्क त्रिज्या ०.८, प्रमाण ०.४. हवेचा मास्क उलटा करून धार फक्त जवळच्या भागाला द्या, नाहीतर मेहनतीने फिकट केलेला डोंगर पुन्हा टोकदार होतो. एसआरजीबी, जेपेग, दर्जा ९०. गिंपची एक्ससीएफ फाइल, मूळ रॉ आणि जोडलेली टिफ एवढं ठेवा. जुळवलेल्या मधल्या फाइल्स पुसल्या तरी चालतात, त्या पुन्हा बनवता येतात. रॉच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर हव्यात, त्यातली एक घराबाहेर.

छापायचा असेल तर १२ बाय ८ इंचाला ३०० डीपीआयने ३६०० बाय २४०० पिक्सेल लागतात. जुन्या मशीनवर अर्ध्या रुंदीचा स्टॅक केला असेल तर तेवढे पिक्सेल उरत नाहीत, ८ बाय ५ इंचापर्यंतच थांबा. कागद मॅट घ्या. मॅटवर काळा कमी गडद छापला जातो, म्हणून प्रिंटसाठी वेगळी प्रत करून हवेचा लेअर मूळ अपारदर्शकतेच्या तीन चतुर्थांशावर आणा आणि आधी ६ बाय ४ चा एक तुकडा छापून घ्या. डोंगर आणि आकाश यांतली रेषा हातभर अंतरावरून दिसत नसेल तर लेअर आणखी उतरवा.